महाराष्ट्रातील प्रौढांचे यहुदी अध्ययन

महाराष्ट्रातील प्रौढांचे यहुदी अध्ययन म्हणजे हिब्रू भाषा, यहुदी धर्मग्रंथ, प्रार्थनाविधी, पंचांग, धर्मनियम आणि इतिहास यांचा नोकरी-व्यवसाय व संसार सांभाळून केलेला अभ्यास होय. या अध्ययनाची परंपरा प्रामुख्याने कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजात विकसित झाली. या समाजाला दीर्घकाळ स्वतःचे रब्बी अथवा धर्मपीठ नव्हते. त्यामुळे धर्मज्ञान मिळवण्याचे काम पूर्णवेळ पंडितांपेक्षा शिक्षक, कारकून, सैनिक, डॉक्टर आणि गृहिणी यांनी केले. बाहेरून आलेले शिक्षक, मराठीतील छापील ग्रंथ, कीर्तने, शाळा व नियतकालिके ही एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील या अध्ययनाची साधने होती. एकविसाव्या शतकात त्यांत इंटरनेटवरील ग्रंथसंग्रह व दूरस्थ वर्गांची भर पडली. नवी साधने मुख्यतः इंग्रजी व हिब्रू भाषांत असल्यामुळे मराठी माध्यमातून शिकू इच्छिणाऱ्यांपुढे भाषेचा प्रश्न उभा राहिला आहे.

पार्श्वभूमी

बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यालगत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. या घटनेच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पुढे हा समाज आजच्या रायगड जिल्ह्यातील गावोगावी पसरला व तेल गाळण्याच्या व्यवसायात स्थिरावला. शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. केहीमकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर यांसारखी आडनावे त्यांच्या मूळ गावांवरून आली आहेत.

धर्मग्रंथ जवळ नसतानाही या समाजाने काही आचार पिढ्यान्‌पिढ्या टिकवले. शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाणे, काही सण व उपास आणि ‘शेमा’ या एकेश्वरनिष्ठेच्या मंत्राचे उच्चारण हे त्यांपैकी प्रमुख होत. कोचीनचे व्यापारी येहेज्केल रहाबी यांनी १७६८ मध्ये हॉलंडला पाठवलेल्या पत्रात कोकणातील या लोकांचा उल्लेख केला असून ते शेमा म्हणतात व शनिवार पाळतात असे नमूद केले आहे.

सणांची नावेही मराठी होती. वर्षारंभाचा ‘नवियाचा सण’, प्रायश्चित्ताच्या उपासाचा ‘दारफाळणीचा सण’, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणाचा ‘बिरड्याचा सण’ आणि ‘खिरीचा सण’ ही त्यांची काही उदाहरणे आहेत. आचार शिल्लक होता, परंतु त्यामागील ग्रंथाधार विस्मृतीत गेला होता. तो पुन्हा मिळवणे हा पुढील दोन शतकांतील अध्ययनाचा मुख्य विषय ठरला.

आरंभीचे शिक्षक

समाजात प्रचलित असलेल्या कथेनुसार डेव्हिड रहाबी नावाच्या परदेशी यहुद्याने या लोकांना ओळखले. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले असता त्यांनी खवले व पर असलेले मासेच रांधण्यासाठी निवडले. खात्री पटल्यावर त्याने तीन कुटुंबांतील व्यक्तींना धर्मविधी शिकवले. त्यांच्या वंशजांना ‘काझी’ म्हणत. काझी गावोगाव फिरून विवाह, सुंता इत्यादी संस्कार करीत आणि तंटेही सोडवीत. रहाबीच्या काळाविषयी अनेक मते आहेत.

अठराव्या शतकात बेने इस्रायल कुटुंबे मुंबईला येऊ लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर (सामाजी हसाजी) यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. ते आज ‘शाआर हाराहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, या नावाने ओळखले जाते. सामूहिक प्रार्थनेसाठी जागा मिळाली, तरी प्रार्थना चालवणारे व शिकवणारे लोक हवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. शलोमो सालेम शुर्राबी हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होत.

याच काळात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांमधून हिब्रू शिकण्याची सोय झाली. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. बेने इस्रायल विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून भाषा व ग्रंथपरिचय घेतला, मात्र धर्मांतर करणाऱ्यांची संख्या अत्यल्प राहिली. मिशनच्या शाळेत शिकलेली पिढीच पुढे समाजाच्या धार्मिक ग्रंथनिर्मितीत अग्रेसर झाली.

मराठीतील ग्रंथनिर्मिती

वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचल्या जाणाऱ्या ‘हग्गादा’ या ग्रंथाची मराठी भाषांतरासह आवृत्ती १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर निघाली. पुण्यात १८७४ मध्ये निघालेली सचित्र हग्गादा अधिक परिचित आहे. तिच्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया मराठी पद्धतीने लुगडे नेसलेल्या दिसतात. हग्गादा हा कुटुंबाने मिळून वाचण्याचा ग्रंथ आहे. हिब्रू न जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही मिसर देशातून झालेल्या सुटकेची कथा मुलांना समजावून सांगता येऊ लागली, हे या आवृत्त्यांचे महत्त्व होय.

या क्षेत्रातील सर्वांत मोठे काम जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांचे आहे. मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेचे ते १८६१ पासून सुमारे चार दशके मुख्याध्यापक होते. अध्यापन सांभाळून त्यांनी यहुदी प्रार्थनासाहित्याच्या बहुतांश भागाचे मराठी भाषांतर केले आणि हिब्रू शिकणाऱ्यांसाठी पाठ्यपुस्तकेही लिहिली. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. विद्यापीठाच्या परीक्षांना हिब्रू ही अभिजात भाषा म्हणून घेता येत असल्यामुळे तिच्या अभ्यासाला धार्मिक महत्त्वाबरोबर शैक्षणिक प्रतिष्ठाही लाभली.

यहुदी समाजाबाहेरील एक उदाहरण पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे आहे. त्यांनी प्रौढ वयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. हे कार्य ख्रिस्ती श्रद्धेतून झालेले असले, तरी हिब्रू मूळ ग्रंथावरून मराठीत आलेले भाषांतर म्हणून त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

कीर्तन

ज्यांना वाचता येत नव्हते किंवा वाचनास सवड नव्हती, त्यांच्यासाठी कीर्तन हे शिक्षणाचे साधन ठरले. डेव्हिड हाईम दिवेकर, बेंजामिन शिमशोन अष्टमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८० च्या सुमारास हिंदू हरिकीर्तनाच्या धर्तीवर यहुदी कीर्तने रचण्यास प्रारंभ केला. पूर्वरंग व उत्तररंग, आर्या, ओवी, साकी, दिंडी ही वृत्ते आणि मराठी श्रोत्यांच्या कानावरील चाली त्यांनी कायम ठेवल्या. आख्यानांचे विषय मात्र अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे हे होते.

कीर्तन दिवसभराच्या कामानंतर रात्री होत असे. आख्यान ऐकता ऐकता श्रोत्यांना तोरातील कथांचा क्रम, व्यक्तींची नावे आणि सणांमागील कारणे यांचा परिचय होई. विसाव्या शतकाच्या मध्यास ही परंपरा क्षीण झाली. शतकाच्या उत्तरार्धात समाजातील स्त्रियांनी तिचे काही अंशी पुनरुज्जीवन केले.

शाळा, संस्था आणि नियतकालिके

हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत समाजाची ‘इस्रायलाइट स्कूल’ ही शाळा सुरू झाली. पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तेथे सामान्य शिक्षणाबरोबर हिब्रू व धर्मशिक्षण दिले जाई. रिबेका रूबेन (१८८९–१९५७) या १९२२ पासून सुमारे तीन दशके या शाळेच्या प्रमुख होत्या.

शाळेमुळे मुलांची सोय झाली; प्रौढांसाठी मंडळे व नियतकालिके होती. १९१३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या स्त्री मंडळाने स्त्रियांच्या शिक्षणाला व समाजकार्याला चालना दिली. डॉ. जेरुशा झिराड यांचा त्यात पुढाकार होता. व्यवसायाने स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या झिराड यांनी १९२५ मध्ये ‘ज्युईश रिलिजस युनियन’ या उदारमतवादी प्रार्थनासंघाच्या स्थापनेतही प्रमुख भाग घेतला. कळणाऱ्या भाषेत प्रार्थना व्हावी, हा अशा संघांच्या विचारातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. ‘द इस्रायलाइट’ या इंग्रजी-मराठी नियतकालिकासारख्या प्रकाशनांतून धर्म, इतिहास व समाजसुधारणा यांवर चर्चा होई. रेल्वे, टपाल, सैन्य व अन्य सरकारी खात्यांत नोकरीनिमित्त दूरच्या गावी राहणाऱ्यांसाठी टपालाने येणारे नियतकालिक हेच समाजाशी व अभ्यासाशी जोडणारे साधन होते.

प्रौढ वयातील या अध्ययनातूनच समाजाचे इतिहासलेखन घडले. केहीमकरांचा बेने इस्रायलांच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला. तो त्यांच्या निधनानंतर १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. शासकीय सेवेत काम केलेले बेंजामिन जे. इस्रायल यांनीही समाजाचा साक्षेपी अभ्यास केला. त्यांचा लेखसंग्रह १९८४ मध्ये प्रकाशित झाला.

धर्मनियमांच्या ज्ञानाचा प्रश्न

भारताच्या स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे त्यांना एका अनपेक्षित आक्षेपास तोंड द्यावे लागले. शतकानुशतके धर्मपीठांपासून दूर राहिलेल्या या समाजात विवाह व घटस्फोट धर्मनियमांनुसार झाले असतील काय, अशी शंका काही रब्बींनी घेतली. यहुदी नियमानुसार ‘गेट’ हे घटस्फोटपत्र न देता झालेल्या पुनर्विवाहाचा परिणाम पुढील संततीच्या विवाहयोग्यतेवर होतो. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्रायल व्यक्तीचा इतर यहुद्याशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करण्याच्या सूचना दिल्या.

या सूचनांविरुद्ध समाजाने निदर्शने व धरणे आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत समान हक्कांचे यहुदी असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर त्या समाजाचा वेगळा उल्लेख सूचनांतून वगळण्यात आला. या प्रकरणामुळे आपल्या चालीरीतींचे धर्मनियमांच्या परिभाषेत समर्थन करता येणे किती आवश्यक आहे, हे स्पष्ट झाले. कोकणातील आचार प्रामाणिकपणे पाळले गेले होते. परंतु त्यांच्या बाजूने ग्रंथांचा आधार देऊन बोलू शकणारे विद्वान समाजात फार थोडे होते.

अभ्यासाची अंगे

यहुदी अध्ययनात पुढील विषयांचा सामान्यतः समावेश होतो.

हिब्रू भाषा: हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे असून लेखन उजवीकडून डावीकडे होते. मुळाक्षरे व्यंजनांची असतात आणि स्वर टिंबे-रेषांनी दाखवतात; तोराच्या गुंडाळीत ती चिन्हे नसतात. मराठी भाषकाला काही बाबी सोप्या जातात. ‘त्सादी’ या अक्षराचा आधुनिक उच्चार ‘चांगला’ या शब्दातील ‘च’सारखा होतो. ‘तो लिहितो, ती लिहिते’ याप्रमाणे हिब्रू क्रियापदही वर्तमानकाळात कर्त्याच्या लिंगानुसार बदलते, मात्र हिब्रूत नपुंसकलिंग नाही. हिब्रू व अरबी या एकाच भाषाकुलातील असल्यामुळे अरबीतून मराठीत आलेले शब्दही उपयोगी पडतात. ‘सलाम’ व ‘शालोम’, ‘हिशेब’ व ‘हेश्बोन’, ‘रहम’ व ‘राहमीम’ या जोड्यांतील धातू समान आहेत.

तनाख: तोरा (पाच ग्रंथ), नवीईम (संदेष्ट्यांचे ग्रंथ) व केतुवीम (लेख) या तीन विभागांच्या आद्याक्षरांवरून ‘तनाख’ हे नाव बनले आहे. यहुदी गणनेत त्यात २४ ग्रंथ आहेत. प्रोटेस्टंट परंपरेतील ‘जुना करार’ हाच मजकूर ३९ पुस्तकांत विभागतो व त्यांचा क्रमही वेगळा लावतो. मराठी बायबलच्या साहाय्याने तनाख वाचणाऱ्याला हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. तोराचे ५४ साप्ताहिक भाग पाडलेले असून सिनेगॉगमध्ये त्यांचे वाचन एका वर्षात पूर्ण होते.

मिश्ना व तालमूद: इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी संकलित झालेल्या मिश्नेत मौखिक धर्मनियमांची सहा विभागांत व ६३ प्रकरणग्रंथांत मांडणी आहे. त्यावरील चर्चेतून तालमूद घडला. त्याची भाषा हिब्रू व अरमाइक यांचे मिश्रण असून शैली वादविवादाची आहे. सूत्र, भाष्य व टीका अशी शास्त्रग्रंथांची रचना परिचित असलेल्या वाचकाला या मांडणीचा अंदाज येऊ शकतो. तालमूदच्या छापील पानावर मध्यभागी मूळ मजकूर आणि भोवती राशी प्रभृती भाष्यकारांच्या टीका असतात.

पंचांग: यहुदी पंचांग चांद्र-सौर आहे. मराठी पंचांगातील अधिक मासाप्रमाणे त्यातही १९ वर्षांत सात वेळा एक महिना वाढवतात. तो नेहमी ‘अदार’ महिन्याच्या जोडीने येतो. दिवसाचा आरंभ सूर्यास्तापासून होतो.

व्यग्र जीवनक्रमातील अध्ययनपद्धती

यहुदी परंपरेत अभ्यास हे आजन्म धर्मकर्तव्य मानले जाते. त्यामुळे चरितार्थ सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ठरावीक, लहान आणि दररोजच्या पाठाच्या पद्धती निर्माण झाल्या. त्यांतील सर्वाधिक प्रसिद्ध पद्धत ‘दाफ योमी’, म्हणजे रोजचे पान, ही होय. रब्बी मेईर शपिरो यांनी १९२३ मध्ये व्हिएन्ना येथील परिषदेत ही कल्पना मांडली आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला पहिले आवर्तन सुरू झाले. जगभरातील अभ्यासक एका दिवशी बाबिलोनी तालमूदचे एकच पान वाचतात. एकूण २,७११ पानांचे हे आवर्तन सुमारे साडेसात वर्षांनी पूर्ण होते. चौदावे आवर्तन ५ जानेवारी २०२० रोजी सुरू झाले असून ते जून २०२७ मध्ये संपते.

दाफ योमीचा वेग नवशिक्याला झेपणारा नसतो. एका पानासाठी पाऊण ते एक तास सहज लागतो. त्यापेक्षा साप्ताहिक तोरापाठ सात दिवसांत विभागून वाचणे किंवा मिश्नेतील दोन परिच्छेद रोज वाचणे सुलभ असते. दुसऱ्या पद्धतीने संपूर्ण मिश्ना सुमारे सहा वर्षांत वाचून होते.

‘हेव्रूता’ ही दोन सहाध्यायांनी मिळून अभ्यास करण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. दोघे मजकूर मोठ्याने वाचतात, एकमेकांना प्रश्न विचारतात आणि अर्थ निश्चित करतात. ठरलेल्या वेळी दुसरा माणूस वाट पाहत असल्यामुळे अभ्यासात खंड पडण्याचे प्रमाण कमी होते. दूरध्वनी अथवा दृक्‌श्राव्य संपर्कावरही ही पद्धत चालते. हिब्रूच्या गहन वर्गांना ‘उल्पान’ म्हणतात. इस्रायलमध्ये नव्याने आलेल्या प्रौढांसाठी १९४९ मध्ये जेरुसलेम येथे पहिला उल्पान सुरू झाला.

इंटरनेटवरील अध्ययन

महाराष्ट्रातील सिनेगॉग मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे व रायगड जिल्ह्यात आहेत. नागपूरसारख्या शहरातील अभ्यासकाला मुंबईपर्यंतचे रेल्वेचे अंतर सुमारे ८४० किलोमीटर पडते. अशा ठिकाणच्या शिकणाऱ्यांना इंटरनेटमुळे पहिल्यांदाच ग्रंथ व शिक्षक दोन्ही घरबसल्या उपलब्ध झाले. २०११ मध्ये स्थापन झालेला ‘सेफारिया’ हा विनामूल्य ग्रंथसंग्रह तनाख, मिश्ना, तालमूद व त्यांवरील भाष्ये मूळ भाषेत आणि बऱ्याच अंशी इंग्रजी भाषांतरासह देतो. एखाद्या वचनावर कोणत्या भाष्यकारांनी लिहिले आहे, हे त्यात एका ठिकाणी पाहता येते. इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह अनेक ग्रंथालयांनी जुने छापील ग्रंथ व हस्तलिखिते संगणकीय रूपात आणली आहेत. २०२० च्या कोविड महासाथीत सिनेगॉग व वर्ग बंद राहिल्याने दृक्‌श्राव्य वर्गांचा जगभर प्रसार झाला आणि ते पुढेही चालू राहिले.

वेळेच्या दृष्टीने इस्रायलमधील वर्ग भारतीय नोकरदाराला तुलनेने सोयीचे असतात. भारताची वेळ इस्रायलच्या हिवाळी वेळेपेक्षा साडेतीन तासांनी व उन्हाळी वेळेपेक्षा अडीच तासांनी पुढे आहे. जेरुसलेममधील दुपारी साडेचारचा वर्ग हिवाळ्यात नागपुरात रात्री आठ वाजता ऐकता येतो. न्यूयॉर्कमधील संध्याकाळचा वर्ग मात्र भारतात पहाटे येतो. पारंपरिक नियमांनुसार शब्बाथमध्ये विद्युत उपकरणे वापरत नाहीत. म्हणून शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत असे वर्ग भरत नाहीत. आठवड्याची सुट्टी शनिवारी असणाऱ्या आचारनिष्ठ अभ्यासकाला त्या दिवशी छापील पुस्तकावरच अवलंबून राहावे लागते.

मर्यादा

दूरस्थ अध्ययनाने काही गोष्टी साध्य होत नाहीत. दहा प्रौढांच्या ‘मिन्यान’ या गणसंख्येशिवाय तोराचे जाहीर वाचन व काही प्रार्थना करता येत नाहीत. ऑर्थोडॉक्स मतानुसार ही दहाही माणसे प्रत्यक्ष एका ठिकाणी असावी लागतात. पडद्यावरील उपस्थिती धरली जात नाही. तोरा गाण्याच्या स्वरपद्धती, शोफार फुंकणे, मांस सोवळ्या पद्धतीने तयार करणे यांसारखी कौशल्ये जाणत्या व्यक्तीच्या सान्निध्यात शिकावी लागतात. धर्मांतरासारख्या बाबींत केवळ दूरस्थ अभ्यास पुरेसा मानला जात नाही.

जगभर पाठवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांत युरोपीय अश्केनाझी रिवाजांचा भर आढळतो. बेने इस्रायलांच्या प्रार्थना सेफार्दी परंपरेला जवळच्या आहेत. एलियाहू हानाबी यांच्या स्मरणार्थ पोहे, नारळ, साखर व फळे यांनी केला जाणारा ‘मलिदा’ हा त्यांचा खास विधी सर्वसाधारण पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. केवळ परदेशी साधनांतून शिकणाऱ्या तरुणाला आपल्या आजी-आजोबांचा आचार चुकीचा वाटण्याचा संभव असतो. असे रिवाज घरातील वृद्धांकडून जाणून घेऊन लिहून ठेवण्यास त्यामुळे महत्त्व प्राप्त होते.

मराठी साहित्याची उपलब्धता

भारतातील यहुद्यांची संख्या आता काही हजारांवर आली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजाला धार्मिक अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. त्यामुळे नोंदणी व शैक्षणिक संस्था यांबाबत सोयी झाल्या, तथापि मराठी ग्रंथांचा प्रश्न वेगळाच राहिला. राजपूरकरांच्या काळात मराठी वाचकाला व्याकरण, प्रार्थना व हग्गादा स्वभाषेत मिळू शकत होती. आज तालमूदचे हजारो पृष्ठांचे इंग्रजी भाषांतर मोबाइलवर उघडते, परंतु रोजच्या प्रार्थनेचा मराठी अर्थ शोधणाऱ्याला जुन्या, दुर्मिळ आवृत्त्यांकडे वळावे लागते. त्या आवृत्त्यांतील एकोणिसाव्या शतकातील मराठी आजच्या विद्यार्थ्याला अपरिचित वाटते.

इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, बेर शेवा, दिमोना इत्यादी ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठीभाषक यहुद्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले. त्यांच्या नव्या पिढीची पहिली भाषा हिब्रू आहे. अशा प्रकारे ज्यांना हिब्रू उत्तम येते त्यांचे मराठी कमी होत आहे आणि ज्यांची भाषा मराठी आहे त्यांपैकी थोड्यांनाच हिब्रू ग्रंथ वाचता येतात. एकोणिसाव्या शतकात राजपूरकरांसारख्यांकडे दोन्ही भाषा होत्या व त्यामुळेच भाषांतरे होऊ शकली. दोन्ही भाषा जाणणारी वयस्क पिढी हयात असताना जुन्या मराठी प्रार्थनापुस्तकांचे, हग्गादांचे व कीर्तनसंहितांचे संगणकीकरण करणे, कठीण शब्दांच्या टीपा देणे आणि घरोघरी होणाऱ्या विधींचे ध्वनिमुद्रण करणे या कामांना यासाठी विशेष निकड आहे.